‘बाझं दाक बंद झालंय!’

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक गंमत करून पाहा. चिमटीत नाक घट्ट धरा आणि मोठ्यानं म्हणा, ‘मामा आले!’ काय ऐकू आलं? ‘बाबा आले!’ बघा, एका चिमटीत मामांचे बाबा झाले. आता म्हणा, ‘नको मला.’ झालं ना ‘दको बला’?

यामागचं कारण तुमच्या मराठीच्या पुस्तकातच आहे. प, फ, ब, भ, म या ओळीतला शेवटचा ‘म’ आणि त, थ, द, ध, न या ओळीतला शेवटचा ‘न’ ही अनुनासिकं. ती म्हणताना हवा नाकातून बाहेर पडावी लागते. नाकाचं दार बंद झालं, की बिचारा ‘म’ ‘ब’सारखा ऐकू येतो आणि ‘न’ ‘द’सारखा. म्हणून थंडीच्या दिवसांत वर्गात कुणी धडा वाचायला उभं राहिलं, की बाकीच्यांना हसू फुटतं. ज्याचं नाक चोंदलंय त्याला मात्र हसू येत नाही, बरं का! रात्री तोंड उघडं टाकून झोपावं लागतं, सकाळी घसा कोरडा पडतो आणि आईनं केलेल्या झणझणीत पिठल्यालाही चव लागत नाही.

खरी अडचण पुढेच असते. शिंका थांबतात, ताप जातो, नाकातून गळणारं पाणीही कमी होतं. चार-पाच दिवसांत सर्दी बरी झाली असं वाटतं. पण चोंदलेलं नाक काही केल्या सुटत नाही. मग घरात जो येतो तो एकेक उपाय सांगतो. त्यातले काही उपाय चांगले, काही नुसतेच निरुपद्रवी आणि काही चक्क धोक्याचे. आज आपण ते वेगवेगळे करू या.

नाकात नक्की अडकतं काय?

तुम्ही म्हणाल, ‘शेंबूड!’ उत्तर अर्धंच बरोबर आहे.

आपल्या अकलूजच्या आसपास शेताला पाटानं पाणी देताना तुम्ही पाहिलंच असेल. पाटात गाळ साचला तर फावड्यानं उपसता येतो. पण समजा, पाटाच्या दोन्ही कडाच फुगून आत सरकल्या तर? मग कितीही गाळ उपसा, पाणी काही पुढे सरकणार नाही. चोंदलेल्या नाकात नेमकं हेच झालेलं असतं.

नाकाच्या आत दोन्ही बाजूंना तीन-तीन वळलेले मऊ उंचवटे असतात. त्यांच्यात रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. बाहेरची थंड, कोरडी, धुळीची हवा फुप्फुसात जाण्याआधी ऊबदार, ओलसर आणि स्वच्छ करणं हे त्यांचं काम. सर्दीचे विषाणू आत शिरले, की शरीर तिकडे जास्त रक्त पाठवतं आणि हे उंचवटे सुजतात. वाट अरुंद होते. म्हणजे नाक बंद होण्याचं मोठं कारण शेंबूड नसून सूज आहे. जोर लावून शिंकरून सूज बाहेर कशी येणार? उलट फार जोरानं शिंकरलं तर नाकातली घाण कानाच्या बाजूला ढकलली जाते आणि कानाला दडे बसतात.

विषाणू गेले तरी सूज का राहते? आषाढात तुकोबांची पालखी अकलूजला येते, रिंगण होतं आणि पालखी पंढरपूरच्या वाटेनं पुढे निघते. पण पालखी गेल्याबरोबर गाव पहिल्यासारखं होतं का? मांडव उतरवायचे असतात, रस्ते झाडायचे असतात. नाकातही तसंच आहे. विषाणू गेले तरी आतली साफसफाई चालूच राहते. नाकाच्या अस्तरावर अगदी सूक्ष्म केस असतात. ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलून शेंबूड हळूहळू घशाकडे सरकवतात. सर्दीत त्यांच्यातले बरेच निकामी होतात आणि नवे यायला वेळ लागतो. मोठ्यांची सर्दी साधारण सात ते दहा दिवस चालते, मुलांची दोन आठवडेही रेंगाळू शकते. हे सगळं नेहमीचंच आहे. घाबरण्यासारखं नाही.

आणखी एक. शेंबूड पिवळा-हिरवा झाला, की ‘सर्दी पिकली, आता जोरदार औषध हवं’ असं मोठी माणसं म्हणतात. तो हिरवा रंग येतो विषाणूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमधल्या एका द्रव्यामुळे. नुसत्या रंगावरून अँटिबायोटिक घ्यायचं नसतं. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक विषाणूंना मारत नाही.

करून पाहा

स्टीलचं थंडगार ताट किंवा आरसा नाकाखाली आडवा धरा आणि नाकानं श्वास सोडा. वाफेचे दोन ठिपके उमटतील. एक मोठा, एक लहान! आपल्या दोन्ही नाकपुड्या एकसारख्या चालत नाहीत. काही तास एक जास्त मोकळी असते, मग दुसरी. काही तासांनी पुन्हा ठिपके तपासा, कदाचित पाळी बदललेली दिसेल. जर्मनीतल्या रिचर्ड कायझर नावाच्या डॉक्टरांनी १८९५ साली याविषयी लिहिलं. आपल्याकडचे योगी तर फार पूर्वीपासून याला ‘स्वर’ म्हणत आले आहेत. उजवा तो सूर्यस्वर, डावा तो चंद्रस्वर.

याचा आपल्याला उपयोग काय? रात्री नाक बंद झालं, की कुशीवर झोपा. जी कूस खाली, त्या बाजूची नाकपुडी जास्त बंद होते आणि वरची मोकळी होऊ लागते. डाव्या कुशीवर झोपलात तर काही मिनिटांत उजवी नाकपुडी उघडेल. जुन्या चित्रांत योग्याच्या काखेखाली कुबडीसारखी काठी टेकवलेली दिसते ना? तो योगदंड. काखेत एका बाजूला दाब पडला, की दुसऱ्या बाजूची नाकपुडी मोकळी होते, हे त्यांना माहीत होतं. उशाला एक जादा उशी घेतली तरी फरक पडतो. डोकं उंच राहिलं, की नाकातल्या रक्तवाहिन्यांत रक्त कमी साठतं.

आणि दिवसा? ताप नसेल तर पळा, दोरीवरच्या उड्या मारा! अंगाला व्यायाम घडला, की त्या रक्तवाहिन्या आपोआप आकसतात आणि नाक काही वेळ मोकळं होतं. मैदानावर खेळताना चोंदलेलं नाक विसरायला होतं, ते काही उगीच नाही.

मिठाचं पाणी : सगळ्यात साधा, सगळ्यात भला उपाय

विहिरीत किंवा नदीत पोहताना नाकात पाणी गेलं, की कसं झणझणतं! पण रडताना डोळ्यांतलं पाणी नाकात उतरतं तेव्हा झणझणत नाही. का? कारण अश्रू खारट असतात, अगदी आपल्या रक्ताइतके. त्या खारटपणाचं पाणी नाकाला आपलंसं वाटतं. त्यानं घट्ट शेंबूड पातळ होतो, खपल्या सुटतात आणि ते सूक्ष्म केस पुन्हा कामाला लागतात.

ते घरी असं करतात. एक लिटर पाण्याला सुमारे ९ ग्रॅम मीठ लागतं. आपल्याला एवढं नको. पेलाभर, म्हणजे पाव लिटर पाणी चांगलं खळखळ उकळून झाकून गार होऊ द्या. त्यात बारीक मीठ घाला, चहाचा अर्धा सपाट चमचा, किंबहुना त्याहून किंचित कमी. चव पाहा, अश्रूंइतकी खारट लागली पाहिजे. स्वच्छ, उकळून घेतलेल्या ड्रॉपरनं प्रत्येक नाकपुडीत दोन-तीन थेंब सोडा. मिनिटभर थांबा. मग एक नाकपुडी बोटानं दाबून दुसरी हळूच शिंकरा, मग पहिली. दोन्ही एकदम कधीच नाही. दिवसातून तीन-चार वेळा आणि झोपण्यापूर्वी एकदा केलं तर पुरे. पाणी रोज ताजं करा, कालचं ओतून द्या. उकळण्याचं काम मोठ्यांचं, हे सांगायला नकोच.

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सहा वर्षांपर्यंतच्या ४०७ मुलांवर याची परीक्षा घेतली. त्यांचे निष्कर्ष सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. काही मुलांच्या आई-वडिलांना मिठाच्या पाण्याचे थेंब घरीच तयार करायला शिकवलं होतं. त्यांचं पाणी आपल्यापेक्षा जास्त खारट होतं. त्या मुलांची सर्दी सरासरी सहा दिवस टिकली, बाकीच्यांची आठ दिवस. दोन दिवस म्हणजे शाळेचे दोन दिवस की हो!

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. पाणी उकळलेलंच हवं. नळाचं, बोअरचं, विहिरीचं, कालव्याचं कच्चं पाणी नाकात घालायचं नाही. पोटात गेलेल्या पाण्यातले जंतू पोटातलं आम्ल बरेचसे मारतं. नाकात तसा पहारा नाही. गोड्या पाण्यातला एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत पोचू शकतो. त्यामुळे होणारा आजार अगदी क्वचित होतो, पण फार घातक असतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ साली असे रुग्ण आढळले होते.

जलनेतीही याच कुळातली. हठयोगातल्या सहा शुद्धिक्रियांमध्ये नेती येते. लोणावळ्याला १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी स्थापन केलेल्या कैवल्यधाम संस्थेनं अशा यौगिक क्रिया शास्त्राच्या कसोटीवर तपासायचं काम सुरू केलं. जलनेती मात्र पुस्तकात वाचून एकट्यानं करायची नाही. जाणत्या शिक्षकासमोर शिकायची. नाक पूर्ण बंद असताना किंवा कान दुखत असताना तर नाहीच.

वाफ आणि बाम

‘वाफ घे’ हा घरोघरचा सल्ला. वाफेनं बरं वाटतं, हे खरं. पण तिच्यानं सर्दी लवकर जाते, असं तपासणीत सिद्ध झालेलं नाही. आणि तिच्या पायी मुलं भाजतात, हे मात्र पुरतं सिद्ध झालेलं आहे. जमिनीवर उकळत्या पाण्याचं पातेलं, डोक्यावरून गोधडी, आत डोळे मिटून बसलेलं पोर. एक हिसका, एक शिंक, आणि ते पाणी मांडीवर! २०२० साली करोनाच्या काळात बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयात अशी भाजलेली मुलं नेहमीपेक्षा कितीतरी जास्त आली होती. यालाच म्हणतात, रोगापेक्षा इलाज भयंकर.

म्हणून मुलांनी पातेल्यावर वाकून वाफ घ्यायची नाही. न्हाणीघरात गरम पाण्यानं अंघोळ करताना जी वाफ भरते, तेवढी पुष्कळ झाली. आणि कुणी भाजलंच तर टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावायचं नाही. भाजलेला भाग वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरायचा आणि दवाखाना गाठायचा.

बाम, निलगिरी, पुदिन्याचा अर्क यांनी नाक एकदम उघडल्यासारखं वाटतं. ती खरं तर फसवाफसवी आहे. मेंथॉल नाकातल्या गारवा ओळखणाऱ्या नसांना चेतवतं. मेंदूला वाटतं, भरपूर थंड हवा येतेय! मोजून पाहिलं तर वाट होती तेवढीच असते. अशी फसगत मोठ्या मुलांच्या छातीला थोडा बाम लावून होत असेल तर होऊ द्या. पण बाम, कापूर किंवा तेल नाकाच्या आत घालायचं नाही आणि तान्ह्या बाळाच्या जवळपासही हे न्यायचं नाही.

त्यापेक्षा गवती चहा-सुंठीचा गरम चहा, मुगाचं कढण, कोमट पाणी हे सारं छान. गरम पेयानं घशाला आणि नाकाला खरंच आराम वाटतो. आजीनं ओवा तव्यावर गरम करून पुरचुंडी दिली तर हुंगायला हरकत नाही. फक्त ती आधी आजीच्या हाताला सोसतेय ना, तेवढं पाहा.

उसने थेंब

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मेडिकलच्या दुकानात नाक मोकळं करणारे औषधी थेंब मिळतात. बाटलीवर झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असं नाव असतं. थेंब टाकले, की पाच-दहा मिनिटांत नाक खाड्कन उघडतं. सुजलेल्या रक्तवाहिन्या हे औषध आवळून धरतं. मग तक्रार कशाची?

तक्रार अशी, की हे सावकाराचं कर्ज आहे. औषधाचा जोर ओसरला, की त्या वाहिन्या पुन्हा फुगतात. चार-दोन दिवस चालून जातं. पण आठवडाभर, पंधरवडाभर थेंब चालूच ठेवले तर त्या आधीपेक्षा जास्त फुगायला लागतात. मग आणखी थेंब, मग आणखी सूज. सर्दी केव्हाच गेलेली असते. नाक आता थेंबांमुळेच बंद झालेलं असतं! अशी बाटली महिनोन् महिने खिशात घेऊन फिरणारी मोठी माणसं प्रत्येक गावात सापडतील.

म्हणून नियम पाठ करा. हे थेंब डॉक्टरांनी दिले तरच, त्यांनी सांगितले तेवढेच, आणि तीन दिवस, फार तर पाच दिवस. सहा वर्षांखालच्या भावंडांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नाहीत. दादाची बाटली ताईनं वापरायची नाही. बाटलीबरोबर सर्दीही हातोहात जाते. घरात कुणाला ही सवय लागलेलीच असेल तर त्यांना हा मजकूर वाचायला द्या. डॉक्टरांच्या मदतीनं ती सुटते. सोडल्यावर काही दिवस नाक रुसून बसतं, मग ताळ्यावर येतं.

आई-बाबांसाठी

मुलाचं नाक बंद झालं, की दुकानातून सर्दीचं सिरप आणायचा मोह होतो. थोडं थांबा. अशा बऱ्याच औषधांत फेनिलेफ्रिन नावाचं द्रव्य असतं. ते तोंडानं घेतल्यावर नाक मोकळं करत नाही, असं अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीनं सप्टेंबर २०२३ मध्ये एकमतानं सांगितलं. आपल्याकडेही डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा बाटलीवर छापण्याचा आदेश निघाला. आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमधल्या डायइथिलीन ग्लायकॉल या विषानं वीसहून अधिक लहान मुलं गेली. त्यातल्या काहींवर नागपूरला उपचार चालू होते. त्यानंतर केंद्र सरकारनं पुन्हा बजावलं, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा नकोत. जी सर्दी आपोआप बरी होणार आहे तिच्यासाठी जोखीम कशाला?

नाक पंधरा दिवसांनंतरही बंदच असेल, खाज आणि शिंका चालूच असतील तर ती सर्दी नसून ॲलर्जी असू शकते. आपल्या भागात उसाचा गळीत हंगाम आणि थंडी एकदमच येतात. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची धूळ उडते, शेतात पाचट पेटवलं जातं. चुलीचा धूर, उदबत्ती, घरातली विडी-सिगारेट हेही नाकाचे शत्रूच. पाचट न जाळता शेतात कुजवलं तर जमिनीलाही फायदा आणि मुलांच्या नाकालाही. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची मुलं तर कोपीत, धुरात आणि थंडीतच राहतात. त्यांचं नाक महिनोन् महिने वाहतं ते ‘सवयीनं’ नव्हे. त्यांनाही दवाखान्यात न्यायला हवं, हे त्यांच्या आई-वडिलांना कुणीतरी सांगितलं पाहिजे.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं?

दहा दिवस उलटले तरी काहीच उतार नाही, बरं वाटता वाटता पुन्हा ताप आला, तीन दिवस भारी ताप आहे, कान दुखतो, डोळ्याभोवती सूज आली, श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जातात. यातलं एक जरी दिसलं तरी डॉक्टरांना दाखवा. श्वासाचा त्रास आणि डोळ्याची सूज यांत तर रात्र उजाडायची वाट पाहू नका. दूध पिणाऱ्या बाळाला नाक बंद झाल्यामुळे पिता येत नसेल तर लगेच न्या. बारा महिने तोंड उघडं ठेवून झोपणारं, घोरणारं मूलही एकदा दाखवून घ्या. त्याच्या नाकामागच्या गाठी वाढलेल्या असू शकतात.

आणि धाकट्या भावंडाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येणारा शेंबूड येत असेल तर ती सर्दी नव्हेच! शेंगदाणा, चिंचोका, मणी, खोडरबराचा तुकडा, काहीतरी आत गेलेलं आहे. चिमट्यानं काढायला जाऊ नका, ते आणखी आत जातं. घड्याळातला गोल सेल गेल्याची शंका असेल तर तासभरही थांबायचं नाही.

आता एवढं करा. सर्दी सुरू होईल त्या दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीनं एक छोटं नाक काढा. रोज एक दिवस मोजा. सातव्या दिवशी नाक थोडं बंद असलं तरी काळजी नको, मिठाचं पाणी चालू ठेवा. दहावा दिवस आला आणि काहीच फरक नाही, तर ते चित्र आई-बाबांना दाखवा. ‘किती दिवस झाले?’ हा डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न असतो, आणि घरात कुणालाच त्याचं नीट उत्तर देता येत नाही. तुम्हाला येईल.

पुढच्या आठवड्यात नाकाच्या शेजाऱ्याकडे, कानाकडे जाऊ. तोपर्यंत शिंकताना तोंडापुढे रुमाल किंवा कोपर, आणि शिंकरल्यावर साबणानं हात!